खारशेतचा गरुड आणि न सापडलेला छर्रा

१

गरुड हा पक्ष्यांचा राजा. ढगांच्या वर त्याचं राज्य, वाऱ्यावर त्याची हुकमत, आणि मरण आलंच तर तेही त्याला गाठायला आभाळापर्यंत चढून जातं, असं मोठी माणसं मोठ्या आवाजात सांगत आलेली आहेत.

खारशेतचा समुद्री गरुड मिनिडोरमधून, म्हणजे सहा आसनी रिक्षातून आला. केळ्यांच्या खोक्यात होता. खोका त्याच्या मापाचा नसल्यामुळे एक पंख बाहेर काढून ठेवावा लागला होता, आणि त्या पंखाला जागा व्हावी म्हणून शेजारच्या बाईने आपली भाजीची पिशवी मांडीवर घेतली होती. राजाच्या स्वारीला खारशेत ते बोर्ली पंचतन एवढा मान मिळाला.

बोर्लीच्या वेशीबाहेर, बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या शेडमध्ये जखमी पक्ष्यांचं केंद्र आहे. विनिता घरत तिथे आठवड्यातले चार दिवस फुकट काम करायची. म्हणजे पिंजरे धुवायची आणि लोकांच्या थापा ऐकायची. केंद्रात येणारा प्रत्येक शिकारी पक्षी ‘आपोआप पडलेला’ असतो. पहिल्या पिंजऱ्यातली घार मांजात गुंतून आपोआप पडली होती. मांजा कोणाचा ते कळलं नाही, कारण गावात पतंग कोणी उडवतच नव्हतं. दुसऱ्यातलं गव्हाणी घुबड कुणाच्या तरी माळ्यावर आपोआप पडलं, तेव्हा त्याच्या पाठीवर खराट्याचे वळ होते. तिसऱ्यातला शिक्रा एका बंगल्याच्या नव्याकोऱ्या काचेवर आपोआप आदळला होता. काच फुटली नाही, हे बंगलेवाल्यांनी दोनदा सांगितलं.

त्यामुळे खोका उतरवणाऱ्या माणसाला विनिताने सवयीने विचारलं, “आपोआप पडला ना?”

त्या माणसाने खोका हळूच खाली टेकवला. अंबाजी त्याचं नाव. खारशेतच्या कोळंबीच्या तलावावर राखणदार होता, पक्षी हाकायला छऱ्याची बंदूक बाळगणारा. पंचावन्नच्या आसपासचा, अंगाने किडकिडीत, आणि आपला टॉवेल त्याने गरुडाखाली अंथरलेला.

त्याच मिनिडोरमधून मागोमाग एक बाई उतरली. मघाशी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली तीच.

“तो काय सांगंल? मी सांगते,” ती म्हणाली. “ह्यानं मारलाय. हा माजा सख्खा भाव हाय, अंब्या. आदी माजा पोरगा दर्यात घालवलान, आता आभाळातला पन घालवलान.”

केंद्राचा डॉक्टर केतन बाहेर आला. गरुडाची मान कलली होती, पण डोळे उघडे होते.

“काका, खरंच तुम्ही मारलं?”

अंबाजीने बहिणीकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

“व्हय,” तो म्हणाला. “मीच मारला. लिवून घ्या.”

२

निवृत्ती घेण्याआधी विनिताने वीस वर्षं न्हावा शेव्याच्या रस्त्यांवर ठोकरलेल्या ट्रकांची पाहणी केली होती, विमा कंपन्यांसाठी. ड्रायव्हर सांगायचा, समोर गाय आली. बंपर सांगायचा, उभ्या कंटेनरला मागून ठोकलंय. त्या वीस वर्षांत गाईंनी उरण तालुक्यात जेवढे अपघात केले तेवढे बघता त्यांची लायसन्स जप्त व्हायला हवी होती. विनिताला त्यातून एवढंच कळलं की आदळलेल्या वस्तूला नीट विचारलं तर ती खरं सांगते.

पण गुन्हा नाकारणाऱ्यांची तिला सवय होती. न विचारता कबूल करणारा ड्रायव्हर तिला वीस वर्षांत भेटला नव्हता.

डॉक्टर केतनने एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. “छर्रा नाही.”

“आरपार गेला असेल.”

“भोक नाही, ताई. हाड मोडलेलं नाही. पंख कोरे आहेत. पण हा उभा राहू शकत नाही. पाय थंडगार.”

विनिताने पाय बघितले. दोन्ही पंज्यांच्या आतल्या बाजूला काळे ठिपके होते, चिखल सुकल्यासारखे. तिने ओल्या कापसाने पुसले. चिखल जातो, हे ठिपके गेले नाहीत. उजव्या पंज्याच्या नखांना मात्र बारीक चकचकीत भुकटी चिकटली होती, कुणीतरी वर्ख चोळल्यासारखी.

तेवढ्यात वनरक्षक हिरामण आला. त्याने भुकटी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

“विष! तलावावर औषधं असतात ना कसली कसली? ह्याने माशाला लावून टाकलं असणार.”

“मग छऱ्याची बंदूक कशाला जप्त केलीत?”

“ती पण असू दे. एक नाही तर दुसरं.” हिरामणने भुकटी काडेपेटीत खरवडून घेतली. “पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, मॅडम. तीन वर्षांच्या खाली सुटत नाही माणूस. सोमवारी श्रीवर्धनला कोर्टात उभा करतो.”

चंद्राबाई, म्हणजे अंबाजीची बहीण, पायरीवर बसून ऐकत होती. तीन वर्षं ऐकल्यावर ती उठली आणि परत बसली. भावावर आरोप करणं वेगळं आणि कुणीतरी तो मनावर घेणं वेगळं.

विनिताने तिला पाणी दिलं. “चंद्राबाई, तुम्ही गोळी मारताना बघितलं?”

“आवाज आयकला ना! ठाप्पकन. आख्ख्या गावानं आयकला. बंदूक कुनाकडं हाय गावात? ह्याच्याकडं. नि गरुड गावला कुठं? ह्याच्याच बांधावर.”

खटला म्हणून त्यात काही कमी नव्हतं. फक्त गोळीच नव्हती.

३

खारशेत दिघीच्या अलीकडे, खाडीच्या काठावर आहे. विनिता उतरली तीच ‘गरुड व्ह्यू होमस्टे’च्या पाटीखाली. मालक गणराज पाटी पुसत होता.

“दुःखद, मॅडम, फारच दुःखद. माझे चार बुकिंग होते गरुडावर.”

“तो बसायचा कुठे?”

“हा काय, इथे.” गणराजने अंगणातल्या गोल चौथऱ्याकडे हात केला. चौथरा नव्हता, खोड होतं, त्यावर सिमेंट थापून टेबल केलेलं. “बेहड्याचं झाड होतं आजोबांच्या वेळचं. साठ-सत्तर फूट. शेंड्याला त्याचं घरटं.”

“मग?”

“काढलं ना मागच्या मेमध्ये. गेस्टना खाडी दिसत नव्हती. गरुड दिसला पाहिजे म्हणून आलेल्या माणसाला झाडच दिसायचं.”

विनिताने टेबलावर हात ठेवला. टेबलाला वर्तुळं असती तर ती मोजता आली असती. सिमेंट गुळगुळीत होतं.

“झाड गेल्यावर गरुड कुठे बसायला लागला?”

“ते गाईडचं काम,” गणराज म्हणाला. मग आवाज जरा खाली करून, “अंबाजीवर राग धरू नका. माणूस वाईट नाही. जीवन गेला तेव्हापासून असाच आहे.”

जीवन म्हणजे चंद्राबाईचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी मामाच्याच होडीतून खाडीच्या तोंडावर पाण्यात गेला तो परत आला नाही. देहही नाही. अंबाजीने होडी विकली आणि तलावावर राखणदारी धरली, म्हणजे ज्यात कोणी बुडणार नाही एवढंच पाणी बघायचं.

“दहाव्याला पान ठेवलं,” गणराज म्हणाला. “आम्ही सगळे उन्हात उभे. कावळा शिवेना. अंबाजीने काय काय कबूल केलं, बहिणीला सांभाळीन, होडीत पाय ठेवणार नाही... कावळा ढिम्म. आणि मग वरून हा गरुड उतरला, अख्खं पानच उचललंन! चंद्राबाई तिथेच म्हणाली, जीवन आला. त्या दिवसापासून रोज सकाळी त्याला मासा ठेवते ती. मांदेली, बोंबील, जे विकून उरेल ते. मी गेस्टना हे सांगायचो. लोक रडायचे, मॅडम.”

“आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“आत. मिक्सरवर खोबरं वाटत होतो. म्हणजे वाटायचं राहिलंच ते, चिंचेच्या कोळात तसंच घातलं.”

“का राहिलं?”

गणराज आठवू लागला, पण गाडीतून पाहुणे उतरले आणि त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख हॉटेलवाल्याचं झालं.

४

उत्तर सदूच्या गिरणीत मिळालं. गिरणीत दळण असो नसो, बातमी असतेच.

“त्या दिवशी ना? गोदूबाईचं तांदूळ अर्धं दळलं नि अर्धं तसंच,” सदू म्हणाला. पिठाने त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. “ती माजंच नाव घेत गेली. म्हनते, अर्ध्या पिठाच्या अर्ध्या भाकऱ्या करू काय?”

“गिरणी का थांबली?”

“लाइट गेली.”

“आवाजाच्या आधी की नंतर?”

सदूने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आदी-नंतर कसली, बाय? ठाप्प झाला नि पट्टा थांबला. पन लाइट काय, आमच्याकडं रोजच जाते.”

त्या गावात वीज जाणं हा पुरावा ठरू शकत नव्हता. जिथे ती रोजच जाते तिथे तिच्या जाण्याची दखल कोण घेणार? शंभर माणसांनी एकाच क्षणी दोन गोष्टी अनुभवल्या, आणि त्यातली एक सवयीची म्हणून सोडून दिली.

“परत कशी आली?”

“लायनमन आला, काठीनं डीओ बसवलान, गेला. डीओ उडाला की बंदुकीसारखाच वाजतो, ताई. फ्यूजच तो, खांबावरचा.”

“हे तुम्ही हिरामणला सांगितलंत?”

“त्यानं इचारला कुठं? तो म्हनला, गोळीचा आवाज आयकलात का. मी म्हनलो, आवाज आयकला.”

विनिता तलावाच्या बांधावरून चालत गेली. बांधाच्या टोकाला ट्रान्सफॉर्मर होता, तलावाच्या मोटरींसाठी बसवलेला. बेहडा गेल्यानंतर गावातली सर्वांत उंच जागा. वर लोखंडी आडवी पट्टी, तिच्या खाली हातभर अंतरावर डीओच्या जोडण्या. आणि त्या पट्टीवर या क्षणी दुसरा गरुड बसलेला होता. पाण्याकडे पाठ करून, बांधाकडे बघत, जणू कुणाला तरी उशीर झाला होता.

विनिता त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो काही करत नव्हता. नुसता वाट बघत होता.

तिने डॉक्टर केतनला फोन लावला. “शॉक असेल?”

“मीही तेच सांगणार होतो. पायाचे ठिपके पसरलेत, करपलंय आतून. शॉकच आहे. पण ताई, पक्षी शॉकने मरतो तो पंख पसरून दोन तारांना शिवला म्हणून. याचे पंख कोरे. पट्टीवर नुसता बसला तर काही होत नाही. तिथे रोज बसतात ना हे?”

बसतात. एक आत्ता बसलाच होता, जिवंत.

म्हणजे त्या दिवशी त्याचा एक पाय पट्टीवर होता आणि दुसरा पाय खालच्या जोडणीपर्यंत पोचला होता. हातभर लांबीचा पाय गरुडाला नसतो. आणि जो माणूस हे सगळं बांधावरून बघत होता, तो वीज म्हणायच्या ऐवजी ‘मीच मारला’ म्हणत होता.

५

रविवारी गरुडाने मान टाकली. अजून श्वास होता. डॉक्टर केतनने उपाय थांबवून त्याला नुसतं गोधडीत गुंडाळून ठेवलं. करपलेले पाय आता हलत नव्हते.

चंद्राबाई बाजार आटोपून आली. टोपली खाली ठेवली.

“थोडा खातो का बगते. माज्या हातचा खायाचा तो.” तिने टोपलीतून वाकटी काढली.

वाकटी हा मासा कमी आणि पट्टा जास्त. तिने डोक्याकडून धरली तर शेपूट तिच्या गुडघ्याशी लोंबत होती, ओली, आरशासारखी. पाणी टपकत होतं.

“अख्खी आणलीत?”

“परवाच्या वरीसदिसाला पन अख्खीच ठेवली. जीवनला लय आवडायची. ल्हान होता तवा ताटात मावायची नाय, शेपूट खाली लोंबायची, नि तो हसायचा. रोज मी बारकं मासं ठेवते, पन त्या दिवशी म्हनलं, त्याच्या आवडीचा. तुकडं केलं की कावळं पळवतात, म्हनून अख्खी. एका झपाट्यात उचललान, बाय! वर नेलान. मी म्हनलं, पावला. नि हात जोडून घरी आले. घरात पाऊल टाकते तर ठाप्प.”

ती गोधडीशेजारी बसली. वाकटी गरुडाच्या चोचीशी धरली. चोच उघडली नाही. तिने आणखी थोडा वेळ धरली, मग विनिताच्या हातात दिली. “ठेव. मागून खाईल.”

विनिताने मासा भांड्यात ठेवला आणि बोटांकडे पाहिलं. बोटांवर बारीक चकचकीत भुकटी होती, वर्ख चोळल्यासारखी.

हात न धुताच ती चौकीकडे निघाली.

वनखात्याच्या चौकीत कोठडी होती, पण तीत जप्त केलेलं सागवान भरलं होतं. म्हणून आरोपी पडवीत बसून हिरामणसाठी चहा करत होता. हिरामण मोटरसायकल पुसायला मागे गेला होता.

विनिता अंबाजीसमोर बसली. “अंबाजीदादा, वाकटी कुठे टाकलीत?”

त्याचा हात थांबला. “कंची वाकटी?”

“जळलेली.”

चहा उतू गेला. त्याने स्टो बंद केला, फडक्याने पुसलं, फडकं पिळून वाळत घातलं. मग बसला.

“तळ्यात,” तो म्हणाला. “बायच्या नदरंला पडू नये म्हनून.”

“तुम्ही बघितलंत.”

“एका पायानं पट्टीवर बसला. दुसऱ्या पायात ती. वल्लीच व्हती. शेपूट खाली लोंबली नि तिथं टेकली. बस.” त्याने तळहात उघडला आणि मिटला. “ताई, दोन वरसं बाय माज्याशी धड बोलली नाय. शिव्या घालते. घालू दे. त्यावर तिचा दिस जातो. उद्या तिला कळलं का तिच्याच हातच्या घासानं गेला, तर शिव्या कुनाला घालंल? सोताला? ती जगायची नाय. मी तीन वरसं बसून येतो आत. मला कोन हाय म्हागं?”

विनिता वीस वर्षं खोटं पकडत आली होती. इतकं नीट शिवलेलं खोटं तिच्या हाती पहिल्यांदाच लागलं होतं, आणि ते उसवायचं काम तिच्यावर आलं होतं.

“दादा, मी बांधावर गेले होते. तिथे दुसरा गरुड बसलाय. तुमच्या बहिणीच्या वाटेकडे बघत.”

अंबाजीने मान वर केली.

“ती घास ठेवायचं थांबणार नाही. पुढच्या वर्षदिवसाला वाकटी आणणार, अख्खी. खांब तिथेच आहे. तुम्ही आत बसलात, तर तिचे तुकडे कोण करणार?”

त्याने फडक्यातून गळणाऱ्या पाण्याखाली भांडं सरकवलं.

“ह्याचा मी इचार नव्हता केला,” तो म्हणाला.

६

सोमवारी सकाळी केंद्राच्या पायरीवर विनिताने सगळं सांगितलं. ऐकायला हिरामण, डॉक्टर केतन, चंद्राबाई आणि खाली मान घातलेला अंबाजी. गरुड पहाटे गेला होता.

“छर्रा सापडला नाही, कारण झाडलाच गेला नाही. आवाज डीओचा. त्याच क्षणी सदूची गिरणी थांबली, गणराजचा मिक्सर थांबला. गरुडाचं झाड तोडलं, म्हणून तो खांबावर बसायला लागला. पाय आतून करपलेत. वीज लागली.”

“आणि भुकटी?” हिरामणने काडेपेटी पुढे केली.

“मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पायाला मासा लागला होता, हिरामण. एवढाच निष्कर्ष निघतो.”

डॉक्टर केतनने विनिताकडे पाहिलं. ती पूर्ण बोलली नव्हती, हे त्याला कळलं. त्याने चष्मा पुसायला घेतला.

हिरामणच्या हातून मोठी केस गेली, पण श्रीवर्धनची खेपही वाचली. त्याने काडेपेटी झटकून खिशात टाकली.

“मंग हा ‘मी मारला’ का म्हनला?” चंद्राबाईने विचारलं.

डॉक्टर केतन चष्मा पुसतच राहिला.

“घाबरलो,” अंबाजी म्हणाला.

“तू पयल्यापासनं भित्रा.” ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हवा होता तो धागा सापडला. “पन खांब कुनाच्या तळ्याचा? तुज्याच ना? म्हंजे तूच मारलास!”

“व्हय बाय,” अंबाजी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दुसऱ्या कुणी हसू म्हटलं असतं. “मीच.”

जाताना तिने विनिताला बाजूला घेतलं. “ती वाकटी... खाल्लान का त्यानं?”

“खाल्ली,” विनिता म्हणाली. विमा कंपनीत असती तर हा दावा तिने फेटाळला असता.

विजेच्या कार्यालयाला तिने खांबावर आवरण घालायला सांगितलं. एक माणूस आला, त्याने वर बघितलं, म्हणाला, वर कळवतो. गणराजने बेहड्याच्या टेबलावर फोटो चिकटवून खाली ‘अमर’ लिहिलं. अंबाजीने बहिणीला सांगितलं की वाकटी तुकडे करूनच ठेवायची, जीवन होडीत तशीच खायचा, तिला ठाऊक नव्हतं एवढंच. तिने चार शिव्या देऊन ते मान्य केलं. कोयती त्याच्याकडेच राहिली.

गरुडाला खाडीच्या काठी पुरलं. दहाव्या दिवशी चंद्राबाईने पान मांडलं. त्यावर भात आणि वाकटीचे तुकडे. अंबाजी काही कबूल करायला पुढे होणार, तोच कावळा आला आणि शिवला. एवढ्या पटकन शिवला की भटजींचा मंत्र अर्धाच राहिला. “सुटला माजा जीवन,” चंद्राबाई म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

विनिताच्या शेजारी डॉक्टर केतन उभा होता. शवविच्छेदन त्याने पुरायच्या आधीच केलं होतं, आणि त्यातली एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. विनितालाही त्याने ती घरी जाताना, मोटरसायकल सुरू करता करता सांगितली.

गरुड मादी होती.